पत्रावळीत कोंडलेला वायू

ॲसिटोन असलेल्या नेलपेंट रिमूव्हरचे चार थेंब थर्माकोलच्या एखाद्या जुन्या पत्रावळीवर टाकून बघा. (खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास काही पेटतं नको.) सुर्र असा बारीक आवाज येतो, पांढरा पृष्ठभाग खचतो आणि जिथे थेंब पडले तिथे भोक पडतं. पुरेसं ॲसिटोन असेल तर अख्खी पत्रावळ वितळून चिमटीत मावेल एवढा चिकट गोळा उरतो. बघणाऱ्याला वाटतं, प्लॅस्टिक नाहीसं झालं. प्रत्यक्षात ते सगळंच्या सगळं त्या गोळ्यात आहे. निसटला तो वायू.

त्या पत्रावळीचा बहुतेक भाग पोकळीच होती. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकच्या एका घनमीटरचं वजन साधारण १०५० किलो भरतं. त्याच प्लॅस्टिकच्या फुगवलेल्या पाटाचं, म्हणजे परदेशात भिंती-छपरांत उष्णता अडवायला घालतात त्या पाटाचं, घनमीटरमागे वजन ३०-३५ किलो असतं. शंभरातले तीन भाग प्लॅस्टिक, सत्त्याण्णव भाग वायू. जुन्या पत्रावळीत आज साधी हवा असेल. पण ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी आत हवा नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय होतं हा गेल्या नव्वद वर्षांतला बराच महागात पडलेला प्रश्न आहे.

फोमबद्दल बोलताना आपण नेहमी प्लॅस्टिकबद्दल बोलतो. कचरा, समुद्र, गायींच्या पोटातल्या पिशव्या. ते सगळं खरं आहे. पण फोमच्या इतिहासातली मोठी वळणं बघितली तर प्लॅस्टिक बहुतेक वेळा तेच राहिलेलं दिसतं, बदलत गेला तो आतला वायू. आणि दर वेळी नवा वायू आला तो आधीच्या वायूवरचा उपाय म्हणून.

गोष्ट सुरू होते स्वीडनमध्ये, आणि गंमत म्हणजे फ्रिजपासून. कार्ल मुंटर्स हा स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातला विद्यार्थी. बाल्टझार फॉन प्लाटेन या सहकाऱ्याबरोबर त्याने १९२२ मध्ये एक विलक्षण फ्रिज शोधला. त्यात हलणारा एकही भाग नव्हता, नुसती उष्णता दिली की तो थंड व्हायचा. इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो शोध विकत घेऊन जगभर खपवला. पण फ्रिज म्हणजे नुसतं थंड करणारं यंत्र नव्हे, थंडी आत कोंडून ठेवणारी पेटीही हवी. त्या काळी पेटीच्या भिंतींत बुचाचा चुरा किंवा तसलंच काहीतरी भरत. ते ओल धरायचं, कुजायचं.

मुंटर्सला हवी होती पाणी न पिणारी, हलकी, बंद बुडबुड्यांची भिंत. त्याच्या जोडीला होता जॉन टांडबर्ग, इलेक्ट्रोलक्सच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. (हा माणूस वेगळ्या लेखाचा विषय आहे. पॅलेडियम धातू वापरून साध्या टेबलावर अणूंचं मीलन घडवता येईल अशा आशेने त्याने १९२७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. अर्ज फेटाळला गेला.) या दोघांनी पॉलिस्टायरीन घेतलं. जर्मनीत ते तेव्हा नुकतंच कारखान्यात बनू लागलं होतं. ते मिथाइल क्लोराइड या वायूबरोबर दाबाखाली ठेवलं आणि मग दाब एकदम सोडला. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच झालं. प्लॅस्टिकमध्ये विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर धावला, पण बाहेर पडण्याआधीच प्लॅस्टिक थंड होऊन घट्ट झालं. वायू आतच अडकला. १९३५ मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. शीर्षक साधंच होतं: उष्णतारोधन.

मिथाइल क्लोराइड त्यांना सहज सुचलं असावं, कारण तो फ्रिजचाच वायू. त्या काळच्या अनेक फ्रिजमध्ये थंडावा आणायला तोच वापरत. तो विषारी होता, पेट घेणारा होता आणि त्याला वास जवळजवळ नव्हता. १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत घरातल्या फ्रिजमधून तो गळून झोपेतली माणसं मेली. हे लक्षात ठेवा. फ्रिजच्या नळीतला वायू आणि फोमच्या बुडबुड्यातला वायू ही जोडी पुढे साठ-सत्तर वर्षं एकत्र चालणार आहे.

मुंटर्सचं पेटंट कागदावर राहिलं. फोमला बाजारात आणलं दुसऱ्या महायुद्धाने.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मिडलंड गावी डाऊ केमिकल या कंपनीच्या प्रयोगशाळेत रे मॅकइंटायर नावाचा तरुण अभियंता काम करत होता. त्याला फोम नको होता. त्याला हवं होतं विजेच्या तारांवर चढवायचं लवचिक, रबरासारखं आवरण, कारण युद्धामुळे खऱ्या रबराची टंचाई होती. त्याने स्टायरीनमध्ये आयसोब्युटिलीन मिसळून दाबाखाली ठेवलं. दोन्ही मिळून रबरासारखं काही होईल ही अपेक्षा. झालं भलतंच. आयसोब्युटिलीनने वायू होऊन आत बुडबुडे केले आणि हाती आला मूळ प्लॅस्टिकच्या तीस पट हलका, कडक, पांढरा पदार्थ. पेटंटसाठी शोधाशोध केली तेव्हा कळलं की एका स्वीडिश माणसाने हे आधीच करून ठेवलंय. डाऊने मुंटर्सच्या पेटंटचे अमेरिकेपुरते हक्क मिळवले आणि या मालाला नाव दिलं स्टायरोफोम.

पहिलं काम मिळालं १९४२ मध्ये, अमेरिकी तटरक्षक दलाच्या सहा माणसांच्या जीवरक्षक तराफ्यात. हवा भरलेला तराफा गोळी लागली की बसतो. फोमचा तराफा चाळणी झाला तरी तरंगतो, कारण त्यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र बंद खोली आहे. एक फुटला म्हणून शेजारचा फुटत नाही. युद्ध संपल्यावर तोच माल शीतगृहांच्या भिंतींत, घरांच्या पायात, फुलवाल्यांच्या दुकानांत आणि नाताळच्या सजावटीत शिरला. सजावटीचा मोह आपल्याकडेच झाला असं नाही.

आता जरा कारखान्यात जाऊ, कारण इथली कारागिरी मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

एक्स्ट्रूडर म्हणजे मुळात आपला सोऱ्या. वरून पीठ, मागून दाब, समोर ताटली, आणि ताटलीच्या भोकाचा जो आकार ती शेव किंवा चकली. फरक एवढाच की कारखान्यातल्या सोऱ्यात दट्ट्याऐवजी लांबलचक मळसूत्र फिरतं. प्लॅस्टिकचे दाणे एका टोकाला पडतात, मळसूत्र त्यांना घासत, दाबत, तापवत पुढे ढकलतं, आणि साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसला दाण्यांचा दाट रस होतो. वाटेत एका ठिकाणी पंपाने वायू आत मारतात, द्रवरूपात, प्रचंड दाबाखाली. गाडीच्या चाकात असतो त्याच्या पन्नास-शंभर पट दाब धरा. या दाबाखाली वायूला बुडबुडा व्हायची मुभाच नसते, तो साखर पाण्यात विरघळावी तसा रसात विरघळतो.

पुढची पायरी अवघड. वायू मुरलेला रस फार पातळ होतो. तसाच समोरच्या फटीतून, म्हणजे डायमधून, बाहेर सोडला तर बुडबुडे फुगतील खरे, पण त्यांच्या भिंती ताण सोसणार नाहीत, पटापट फुटतील आणि चोथा होईल. रस थंड करावा लागतो. पण फार थंड केला तर तो फुगणारच नाही. जिला पाकाची एकतार आणि गोळीबंद यांतलं अंतर कळतं तिला हे समजावून सांगायला नको. म्हणून फोमच्या कारखान्यात दोन एक्स्ट्रूडर एकामागे एक जोडतात. पहिला लहान आणि वेगवान, वितळवून मिसळणारा. दुसरा मोठा आणि संथ, ज्याचं काम फक्त थंड करणं. आत मळसूत्र फिरतंय, घासल्याने उष्णता वाढतेय, आणि तरी रस १२० ते १५० अंशांच्या दरम्यान नेमक्या जागी आणायचा. चार-दोन अंश इकडचे तिकडे झाले की माल वाया.

रसात थोडी शंखजिऱ्याची पूड टाकलेली असते. सोड्याच्या ग्लासात मीठ टाकल्यावर फेस उसळतो ना, त्यातलाच प्रकार. बुडबुड्याला जन्मायला एक जागा लागते, पुडीचा प्रत्येक कण ती जागा देतो. कण जास्त तर बुडबुडे जास्त आणि बारीक. मग डायच्या ओठाशी रस येतो, दाब एका क्षणात उतरतो आणि बोटभर जाडीचा रस बाहेर पडता पडता हातभर फुगतो. बाजारात मिळणारे मक्याचे कुरकुरीत फुगीर गोळे याच तत्त्वावर बनतात. तिथे फुगवणारा वायू म्हणजे पिठातल्याच पाण्याची वाफ.

डायची फट सपाट असेल तर पाट निघतो. ती गोल कड्यासारखी असेल तर फुग्यासारखी नळी निघते, तिला चिरून पसरलं की पातळ फोमचं कापड. ते गुंडाळून ठेवायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग पुन्हा गरम करून साच्यात दाबायचं. ताटल्या, वाट्या, द्रोण, अंड्यांचे ट्रे. म्हणजे आपली पत्रावळ.

इथे एक गोंधळ मिटवायला हवा. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्यात दोन वेगळे पदार्थ आहेत. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मोडून बघा. साबुदाण्यासारखे गोल मणी सुटे होतात. तो एक्स्ट्रूडरमधून निघालेला नाही. बीएएसएफ या जर्मन कंपनीत फ्रिट्झ स्टॅस्टनी याने १९४९ च्या सुमारास ती दुसरी वाट शोधली. वायू मुरवलेले बारीक दाणे, त्यांना वाफ दिली की फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. बुटपॉलिशच्या डबीत ठेवलेला नमुना भट्टीत राहून गेला आणि डबीचं झाकण डोक्यावर घेऊन वर आला, अशी त्याची गोष्ट सांगतात. गणपतीचं मखर ज्याचं कोरतात तो हा मण्यांचा थर्माकोल. पत्रावळ मात्र मोडली तर मणी निघत नाहीत, गुळगुळीत तुटते. ती एक्स्ट्रूडरची.

आणि थर्माकोल हा शब्द? अमेरिकेत याला स्टायरोफोम म्हणतात. (तेही चूकच. ते डाऊच्या निळ्या पाटाचं नाव, पण लोक मण्यांच्या पांढऱ्या कपालाही तेच म्हणतात.) आपल्याकडे थर्माकोल. बीएएसएफची भारतातली कंपनी १९४३ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचं नाव आर. ए. कोल असं होतं. उष्णतेचा ‘थर्मो’ आणि पुढे ‘कोल’. एका जुन्या कंपनीचं आडनाव आपण अजून दर गणपतीत घेतोय असं दिसतं.

परत वायूकडे.

मिथाइल क्लोराइड विषारी आणि ज्वालाग्राही. फ्रिजवाल्यांना त्यापासून सुटका हवी होती, आणि ती दिली थॉमस मिजलीने. १९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या फ्रिज विभागासाठी काम करताना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन आणि फ्लोरीन असलेले कार्बनचे वायू वापरायची कल्पना काढली. हेच ते सीएफसी, बाजारातलं नाव फ्रिऑन. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने हा वायू छातीभर ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, हे एका फुंकरीत सिद्ध.

फोमवाल्यांना यापेक्षा चांगलं काय मिळणार? युद्धानंतरच्या दशकांत सीएफसी-१२ एक्स्ट्रूडरमध्ये शिरला. तो पेटत नव्हता, कामगाराला बाधत नव्हता, आणि वर एक बक्षीस. हा जड, सुस्त वायू उष्णता फार हळू वाहतो आणि पॉलिस्टायरीनच्या भिंतीतून सहजासहजी बाहेर पडत नाही. हवा हळूहळू आत येते, पण तो वर्षानुवर्षं आतच बसून राहतो. त्यामुळे पाट दशकानुदशकं चांगला उष्णतारोधक राहतो. मुंटर्सला जे हवं होतं ते या वायूने पूर्ण केलं.

त्याची हीच सुस्ती पुढे अंगाशी आली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी नेचरमध्ये लिहिलं की हे वायू खालच्या हवेत कशानेच मोडत नाहीत, म्हणून ते वर वर जात राहतात आणि ओझोनच्या थरात पोहोचल्यावर अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन सोडतात. एकेक क्लोरीन अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा फडशा पाडतो. कंपन्यांनी बरीच वर्षं शंका काढल्या. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि त्याच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर मोजून दाखवलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. मोलिना आणि रोलँड यांना पॉल क्रुटझेनबरोबर १९९५ चं नोबेल मिळालं.

लोकांच्या मनात ओझोन म्हणजे फ्रिज आणि फवाऱ्याचे डबे. पण फ्रिजमधला वायू निदान नळीत फिरत राहतो. फोमच्या कपड्यातून तो बनवतानाच काही सुटतो, उरलेला पुढे. अमेरिकेत हे लोकांना सर्वांत आधी दिसलं बर्गरच्या डब्यात. मॅकडोनाल्ड्सचा तो शिंपल्यासारखा उघडणारा फोमचा डबा, एक्स्ट्रूडरच्या कापडातूनच दाबून काढलेला. १९८७ मध्ये कंपनीने सीएफसीने फुगवलेले डबे बंद करायचं जाहीर केलं. ओझोनचा प्रश्न त्या डब्यापुरता तिथे सुटला. पण आंदोलन थांबलं नाही. शाळकरी मुलांनी मोहिमा चालवल्या, डबा कचऱ्याचं प्रतीक झाला. १ नोव्हेंबर १९९० ला कंपनीने फोमचा डबाच सोडून कागदाकडे जायचं ठरवलं.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वायूवरचा राग आणि प्लॅस्टिकवरचा राग एकाच डब्यात मिसळले आणि पुन्हा कधी वेगळे झाले नाहीत. वायूचं काय झालं, हे विचारायचं लोक विसरले.

कारखान्यांना विसरून चालणार नव्हतं. सीएफसी गेल्यावर वाटा फुटल्या. एक गेली सीएफसीच्या चुलतभावंडांकडे. आधी एचसीएफसी, जे ओझोनला कमी खातात पण खातातच. मग एचएफसी, जे ओझोनला अजिबात हात लावत नाहीत. हुश्श म्हणायच्या आत हिशेब आला की एचएफसी-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट पृथ्वी तापवतो. २०१६ मध्ये किगालीला त्याच माँट्रियल कराराला जोड देऊन हेही वायू कमी करायचं ठरलं. स्टायरोफोमचं नाव डाऊ आणि ड्यूपाँट यांच्या एकत्र येण्या-फुटण्यात ड्यूपाँटकडे गेलं. २०२१ मध्ये कमी तापवणारा वायू घातलेला पाट आला तेव्हा जुना निळा रंग सोडून तो करडा केला गेला. नुसतं बघून कळावं, आत काय आहे ते.

दुसरी वाट होती थेट कार्बन डायऑक्साइडची. सोपी वाटते, पण हा वायू रसात कमी मुरतो आणि फार उतावळा. डायच्या बाहेर आला की लगेच पळतो, आणि बुडबुडे धरून ठेवणं मुश्कील होतं. डाऊने फक्त याच वायूवर फोमचं कापड काढून दाखवलं. त्यासाठी १९९६ मध्ये, अमेरिकी सरकारचे हरित रसायनशास्त्राचे पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी, त्यांना तो मिळाला.

आणि तिसरी वाट, सर्वांत स्वस्त: ब्यूटेन. म्हणजे आपल्या गॅस सिलिंडरमधला नातेवाईक.

महाराष्ट्रात फोमची पत्रावळ लग्नात पोहोचली ती याच वाटेने. पंगती उठल्या, बुफे आले, उभ्याने जेवायचं तर पळसाच्या पानांची पत्रावळ हातात धरून चालत नाही, वाकते. स्टीलची ताटं घासायला माणसं लागतात. फोमची ताटली गरम आमटी पडली तरी बोटांना चटका देत नाही, वजन काहीच नाही, आणि शेकड्याने स्वस्त. तिने पळस-वडाची पानं टाचणाऱ्या बायकांचं काम खाल्लं, पण कार्यालयाच्या मालकाला आणि आचाऱ्याला ती देणगी होती.

याच कुटुंबातला आणखी एक माल तुम्ही रोज हाताळता. सफरचंदाला, डाळिंबाला, पेटीतल्या हापूसला घातलेली जाळीदार पांढरी टोपी. ती पॉलिस्टायरीनची नव्हे, पॉलिथिनची, पण एक्स्ट्रूडरमधूनच निघालेली. पॉलिथिनच्या भिंतीतून ब्यूटेन झटकन बाहेर पडतो, हवा तितक्या वेगाने आत येत नाही, त्यामुळे ताजा फोम फुग्यासारखा सुकून आक्रसतो. म्हणून रसात ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट घालतात, पावात आणि आइस्क्रीममध्ये असतं तेच. ते ब्यूटेनला बाहेर पडायला उशीर लावतं आणि तेवढ्या वेळात हवा आत येते.

पण मग तो ब्यूटेन जातो कुठे? गोदामात. ताज्या फोमची गुंडाळी म्हणजे हळूहळू गळणारं सिलिंडर. ब्यूटेन हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. कोपऱ्यातल्या स्विचची ठिणगी, एखादी विडी, फोमवरच जमलेली स्थिर वीज, काहीही पुरतं. म्हणून माल काही दिवस हवेशीर जागेत मुरत ठेवायचा असतो, पंखे जमिनीलगत हवेत, आणि बिडी-काडीपासून दूर. हे नियम मोठ्या कारखान्यात पाळणं सोपं आहे. औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मशीन, कच्चा माल आणि तयार गुंडाळ्या एकाच छपराखाली असतील, आणि लग्नसराई तोंडावर असेल, तर मुरवायला ठेवायची जागा आणि दिवस दोन्ही नसतात. मिथाइल क्लोराइडचा धोका कामगाराच्या डोक्यावरून काढून ओझोनवर टाकला होता, तिथून तापमानावर. ब्यूटेनने तो पुन्हा कामगाराच्या पायाशी आणून ठेवला.

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांच्या सवलतीनंतर २३ जूनपासून दंड सुरू झाला. थर्माकोलच्या मखरवाल्यांनी त्या गणेशोत्सवापुरती तरी सवलत मागितली, मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती नाकारली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद झाल्या, त्यांत सजावटीचा थर्माकोल आहे. बंदीची चर्चा सगळी कचऱ्याची होती आणि ते योग्यच होतं. हलकेपणा इथे शाप ठरतो. वीस घनमीटरचा टेम्पो फोमच्या पाटांनी खच्चून भरला तरी आत जेमतेम सहाशे किलो माल बसतो, खरकट्या ताटल्या तर त्याहून कमी. टेम्पोचं भाडं निघत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही, कचरावेचक बाई उचलत नाही, आणि ताटली नाल्यात जाते. पुनर्वापर अशक्य नाही. ॲसिटोनच्या चार थेंबांनी दिसतंच की आतलं प्लॅस्टिक सहज दाटता येतं. अडचण आहे ती हवा वाहून नेण्याच्या खर्चाची.

त्याच २०१८ मध्ये, मे महिन्यात, नेचरमध्ये एक अस्वस्थ करणारा निबंध आला. सीएफसी-११ हा वायू, ज्याचं उत्पादन २०१० पासून जगभर बंद असायला हवं होतं, हवेत अपेक्षेप्रमाणे घटत नव्हता. कुणीतरी तो नव्याने बनवत होतं. पुढच्या वर्षी कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा इथल्या मोजणी केंद्रांच्या नोंदींवरून माग लागला, तो पूर्व चीनमधल्या शांदोंग आणि हबेई प्रांतांपर्यंत. वापर कशासाठी, तर फोम फुगवायला. तो फोम एक्स्ट्रूडरचा नव्हता, पॉलियुरेथेनचा होता, पण कारण तेच जुनं: चोरटा वायू परवानगीच्या वायूपेक्षा स्वस्त पडत होता आणि काम चांगलं करत होता. बोभाटा झाल्यावर उत्सर्जन उतरलं, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजण्यांत दिसलं.

चोरून बनवलेला वायू पकडता आला. कायदेशीर बनवलेल्याचं काय, हा हिशेब अजून चालू आहे. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सीएफसी-१२ ने फुगवलेले पाट युरोप-अमेरिकेतल्या घरांच्या पायात, शीतगृहांच्या भिंतींत, छपरांत आजही बसलेले आहेत. शास्त्रज्ञ या साठ्यांना बँक म्हणतात. बुडबुड्यांच्या भिंती इतक्या चांगल्या निघाल्या की त्यातला बराचसा वायू पन्नास वर्षांनीही आतच आहे आणि थोडा थोडा झिरपतोय. एकदा बाहेर पडला की हवेत त्याचं आयुष्य साधारण शंभर वर्षांचं. घर पाडताना पाट सबंध काढून नेले आणि बंद भट्टीत जाळले तर वायू संपतो. बुलडोझरखाली चुरले तर तो त्याच दुपारी सुटतो.